आपोआप चालणाऱ्या घड्याळाची पारख

वाशीम शहरांत मध्यमेश्वराचें एक देवालय आहे. बालाजीच्या मंदिराकडे लोटणारी गर्दी तेथें नसते. बाहेरगांवच्या यात्रेकरूस तें मुद्दाम दाखवावें लागतें. तथापि जुन्या ज्योतिषशास्त्रानें या गांवाला जो मान दिला, तो या देवाच्या नांवांतच सांठविलेला आहे. लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत आपल्या पूर्वजांनीं जी मध्यरेषा कल्पिली, ती येथून जाते अशी वाशीमकरांची पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा आहे. तिला ग्रंथाचाहि आधार आहे. भास्कराचार्यांनीं शके ११०५, म्हणजे इ. स. ११८३ मध्यें रचलेल्या 'करणकुतूहल' ग्रंथांत मध्यरेषेवरील स्थळें सांगतांना उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांच्या पंक्तीस वत्सगुल्माचें नांव घेतलें आहे. आणि वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी.

आधुनिक रेखांशांनीं पडताळून पाहतां हा मान थोडा उदार हातानें दिला गेला असें म्हणावें लागतें. उज्जयिनी व वाशीम यांच्या रेखांशांत सुमारें १ अंश २२ कलांचें अंतर आहे. म्हणजे वाशीमचा सूर्य माथ्यावर आला कीं उज्जयिनीच्या मध्यान्हाला सुमारें साडेपांच मिनिटांचा अवकाश असतो. कुरुक्षेत्राशीं मात्र वाशीमचें बरेंच जुळतें. परंतु त्या काळीं एका गांवचा वेळ दुसऱ्या गांवीं नेण्याचें साधनच कोणापाशीं नव्हतें. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी, ती भरून बुडाली म्हणजे एक घटका झाली असें समजावें, हेंच काय तें घड्याळ. घटका २४ मिनिटांची. तिचीं पळें ६०. अर्थात् एक पळ २४ सेकंदांचें. लग्नमुहूर्ताच्या वेळीं घंगाळाशेजारीं बसून या वाटीवर डोळा ठेवणारा जोशी हें एके काळीं घरोघरचें दृश्य होतें. हें २४ सेकंदांचें पळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें मनगटावरील घड्याळाची पारख करावयाची आहे, तेव्हां त्याच्या इतकें सोयीचें माप दुसरें सांपडणार नाहीं.

इंग्रजी अमदानींत वाशीम हें 'बासीम' या नांवानें वऱ्हाडांतील एका जिल्ह्याचें ठाणें होतें. १९०५ सालीं तो जिल्हा मोडला व त्याचा मुलूख इतर जिल्ह्यांत, मुख्यतः अकोल्यांत, वांटला गेला. वाशीमला आपला जिल्हा परत मिळण्यास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. जिल्हा गेला त्याच्या पुढच्याच वर्षारंभीं, १ जानेवारी १९०६ रोजीं, साऱ्या हिंदुस्थानास एकच स्टँडर्ड टाइम लागू झाला. त्या हिशेबानें वाशीमचा सूर्य घड्याळाच्या सुमारें २१ मिनिटें मागें पडला. ज्या गांवावरून मध्यरेषा ओढली जात होती, त्याचा स्वतःचा मध्यान्हहि असा हातचा गेला. याबद्दल वाशीमांत कोणीं खळखळ केल्याचें ऐकिवांत नाहीं. मुंबईकर तेवढे हट्टी. त्यांचा मुंबई टाइम नव्या वेळेहून ३९ मिनिटें मागें होता, आणि तो त्यांनीं कांहीं ठिकाणीं १९५५ पर्यंत जिवंत ठेविला. एवढें खरें कीं, यापुढें खरा वेळ म्हणजे आकाशांतला नव्हे, तर कचेरींतला, शाळेंतला आणि आगगाडीचा, असें ठरून गेलें. आणि घड्याळ ही चैनीची वस्तु न राहतां मध्यमवर्गीय कुटुंबाची गरज झाली.

गरज झाली तसें त्याचें एक दुखणेंहि घरांत आलें. तें दुखणें म्हणजे रोजची किल्ली. घड्याळाच्या पोटांतील पोलादी कमान दिवसभरांत उलगडत जाते, तिला पुन्हां पीळ द्यावाच लागतो. किल्ली विसरली कीं घड्याळ बंद. अधीर हातानें अधिक पिळली कीं कमान तुटते. आणि किल्लीच्या भोकावाटें धूळ व घाम आंत शिरून तेलाचा चिखल करतात तें वेगळेंच. किल्लीवांचून चालणारें घड्याळ असावें ही इच्छा म्हणूनच फार जुनी आहे. स्वित्झर्लंडांतील ल लोक्ल गांवचा घड्याळजी आब्राहाम-लुई पर्रले यानें १७७० नंतरच्या दशकांत खिशांतील घड्याळांत एक हलतें वजन बसविलें. मनुष्य चालूं लागला कीं तें वजन वरखालीं होऊन कमान पिळली जाई. या शोधाचा मान त्याचा कीं त्याच सुमारास तसेंच घड्याळ करणाऱ्या सार्तों याचा, हा वाद विद्वानांत अजून मिटलेला नाहीं. पण खिशांतलें घड्याळ हलून हलून हलणार किती? त्यास चालता धनी पाहिजे, आणि खिशांत घड्याळ बाळगणारे धनी त्या काळीं बहुधा गादीवर बसलेले असत. युक्ति खरी असूनहि मागें पडली ती यामुळें.

पहिल्या महायुद्धांत घड्याळ खिशांतून मनगटावर आलें, आणि तेथें या युक्तीचें भाग्य उघडलें. हात स्वस्थ राहत नाहीं. लिहितांना, जेवतांना, बोलतांना देखील तो हलतो. जॉन हारवुड या इंग्रज घड्याळदुरुस्ती करणाऱ्यानें १९२४ मध्यें आपोआप पीळ घेणाऱ्या मनगटी घड्याळाचें पेटंट मिळविलें. त्याचा हेतु लक्षांत घेण्याजोगा आहे. माणसाचे श्रम वांचविणें हा त्यास दुय्यम होता. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांत किल्लीवाटें गेलेली घाण पाहून तो कंटाळला होता. तें भोकच नको, असा त्याचा विचार. म्हणून त्याच्या घड्याळास किल्लीच नव्हती. कांटे फिरवावयाचे तर कांचेभोंवतालचें कडें फिरवावें लागे. वजन पूर्ण फिरत नसे, दोन बाजूंच्या लहान स्प्रिंगांवर आपटून परत येई. घड्याळ चांगलें होतें, परंतु जागतिक मंदीनें व्यापार बुडाला आणि १९३१ च्या सुमारास हारवुडची कंपनी बंद पडली. त्याच सालीं रोलेक्सनें पूर्ण गोल फिरणाऱ्या वजनाचें घड्याळ बाजारांत आणलें. आज स्वस्तांतल्या व महागांतल्या बहुतेक सर्व 'ऑटोमॅटिक' घड्याळांत हीच रचना असते. पाठीमागें अर्धचंद्राकृति वजन, त्यास जोडलेलीं बारीक चाकें, आणि कमान पूर्ण पिळली गेली कीं तिचें टोंक डबीच्या कडेवरून घसरावें अशी योजना, म्हणजे अधिक पिळून ती तुटण्याचें भय उरत नाहीं.

ही रचना श्रीमंतांच्या मनगटावरून साधारण माणसाच्या मनगटावर आणण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं जपानकडे जातें. सैको कंपनीनें १९५९ मध्यें वजनाची दोन्हीं दिशांची हालचाल कामास लावणारी एक साधी, थोड्या भागांची तरफ काढली, आणि १९६३ मध्यें 'स्पोर्ट्समॅटिक ५' हें घड्याळ विकावयास काढलें. आपोआप पीळ, एकाच खिडकींत वार व तारीख, पाण्यापासून बचाव, चार वाजण्याच्या जागीं आंत दडविलेली किल्ली आणि दणकट बांधणी, असे त्यांतील पांचाचे पांच गुण सांगितले जात. पांचहि गुण रोजच्या वापराचे आहेत. दागिन्याचा गुण त्यांत एकहि नाहीं.

भारतांत त्या काळीं परदेशी घड्याळांवर भारी जकात व कडक निर्बंध असत. स्विस घड्याळ एक तर वडिलोपार्जित असे, नाहीं तर चोरट्या वाटेनें मुंबईस उतरलेलें. अशा वेळीं हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं बंगलोर येथें घड्याळांचा कारखाना उभारला. 'जनता', 'पायलट' हीं किल्लीचीं घड्याळें खेडोपाडीं पोंचलीं. पोस्टमन, तलाठी, शाळामास्तर यांचें घड्याळ म्हणजे एचएमटी असें समीकरण झालें. आणि किल्लीच्या घड्याळावरचा मान होता 'कंचन' व 'रजत' या ऑटोमॅटिक घड्याळांचा. त्यांतहि 'कंचन' म्हणजे लग्नाचें घड्याळ. दुकानांत तें सहज मिळत नसे. ओळख लावावी लागे, वाट पाहावी लागे, प्रसंगीं छापील किंमतीवर अधिक मोजावें लागे. कापूस विकून आलेल्या पैशांतून वधुपित्यानें जावयास दिलेलें 'कंचन' वऱ्हाडांतल्या पुष्कळ घरांतील कपाटांत अजून निघेल. त्या घड्याळासाठीं अडलेले मानपान व त्या पायीं झालेलें कर्ज यांचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. घड्याळाचा त्यांत दोष नाहीं. पण एखाद्या वस्तूचें मोल तिच्या कामाहून तिच्या दुर्मिळतेवर ठरूं लागलें कीं काय होतें, याचें तें ठळक उदाहरण आहे.

या वैभवास उतरती कळा लागण्याचें कारण १९६९ च्या नाताळांतच घडून गेलें होतें. २५ डिसेंबर १९६९ रोजीं टोकियोंत सैकोनें 'अॅस्ट्रॉन' हें क्वार्ट्झ घड्याळ विक्रीस मांडलें. त्या वेळीं त्याची किंमत एका लहान मोटारीच्या तोडीची होती. पुढें तेंच यंत्र इतकें स्वस्त झालें कीं साध्या किल्लीच्या घड्याळासहि त्याच्याशीं टक्कर देतां येईना. आपल्याकडे टाटा व तामिळनाडु सरकारचें एक महामंडळ यांनीं मिळून १९८४ मध्यें टायटन कंपनी काढली, होसूरचा कारखाना चालूं झाला आणि देखणीं क्वार्ट्झ घड्याळें मध्यमवर्गाच्या हातीं आलीं. एचएमटीनेंहि क्वार्ट्झ केलीं, पण जड पावलांनीं. अखेर जानेवारी २०१६ मध्यें केंद्र सरकारनें एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला.

येथें कोणीहि विचारील कीं, ज्याचा पराभव झाला तें यंत्र आज पैसे देऊन कां घ्यावें? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर पळाच्या मापानें द्यावें हें बरें. साध्या ऑटोमॅटिक यंत्रासंबंधीं सैको व सिटिझनच्या मियोटासारखे कारखानदार स्वतःच सांगतात कीं, तें दिवसाला २० सेकंद मागें किंवा ४० सेकंद पुढें जाऊं शकेल. म्हणजे दिवसास साधारण एका पळाची, फार तर पावणेदोन पळांची चूक. साधें क्वार्ट्झ घड्याळ तेवढी चूक करण्यास महिना घेतें. स्विस परीक्षा उतरलेलें उंची ऑटोमॅटिक घड्याळहि दिवसास ४ सेकंद मागें ते ६ सेकंद पुढें, या मर्यादेंतलें असतें. महिन्याच्या हिशेबानें तेंहि शंभर रुपड्यांच्या क्वार्ट्झला हरतें. तेव्हां नेमक्या वेळेसाठीं कोणी ऑटोमॅटिक घेत असेल तर त्यानें तें घेऊं नये. पैसे वांचवावे.

पण याच आंकड्याकडे दुसऱ्या बाजूनेंहि पाहतां येतें. अशा यंत्रांतील तोलचक्र तासाला २१,६०० ठोके देतें. दिवसाचे ते ५,१८,४०० होतात. दिवसाची चूक २० सेकंद धरली तर ती ४,३२० भागांत एक भाग पडते. ज्यास विजेची बॅटरी नाहीं, ज्याचें सारें बळ माणसाच्या हाताच्या हालचालींतून येतें, तें यंत्र उन्हाळ्यांत, पावसाळ्यांत, शेतांत, मोटारसायकलवर इतकें खरें राहतें, हें लहान काम नव्हे. जोशीबुवांच्या वाटीला तें साधलें नसतें. आणि दुसरें असें कीं, हें यंत्र दुरुस्त होतें. क्वार्ट्झचें स्वस्त यंत्र बिघडलें कीं फेंकून दुसरें बसवितात. ऑटोमॅटिक घड्याळ चांगल्या घड्याळजीच्या हातीं उघडतें, धुतलें जातें, तेल घेतें आणि पुन्हां चालतें. 'कंचन' बनविणें थांबून इतकीं वर्षें लोटलीं तरी कपाटांतलीं घड्याळें चालूं होतात, तीं यामुळेंच.

म्हणून किंमत विचारण्यापूर्वीं घड्याळजी विचारावा. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर अशा गांवांच्या बाजारपेठांत डोळ्याला भिंग लावून बसणारा मनुष्य आतां विरळा होत चालला आहे. बहुतेक ठिकाणीं बॅटरी व पट्टा बदलण्यापलीकडे काम होत नाहीं. घड्याळ उघडून धुणारा माणूस अकोल्यास गांठावा लागणार असेल तर तो जाण्यायेण्याचा खर्चहि घड्याळाच्या किंमतींत धरला पाहिजे. साधारणपणें चार-पांच वर्षांनीं तेलपाण्याची गरज पडते. स्वस्त घड्याळाच्या बाबतींत या एका साफसफाईची मजुरी कधीं कधीं घड्याळाच्या अर्ध्या किंमतीला भिडते, आणि ही गोष्ट विकणारा सांगत नाहीं. ज्या यंत्राचे सुटे भाग सर्वत्र मिळतात, किंवा जें अख्खें यंत्रच बदलून माफक खर्चांत काम भागतें, असें जपानी घराण्याचें साधें यंत्र नांव नसलेल्या झगमगीत घड्याळापेक्षां शहाणपणाचें ठरतें.

ज्वेलांच्या आंकड्यानें पुष्कळ लोक फसतात. ज्वेल म्हणजे चाकांचे आंस घासूं नयेत म्हणून बसविलेले कृत्रिम माणकाचे ठिपके. किल्लीच्या घड्याळास १७ पुरतात. ऑटोमॅटिकला वजनाचीं चाकें अधिक असल्यामुळें २१ ते २५ लागतात. एके काळीं १०० ज्वेलांचीं घड्याळें निघालीं होतीं, त्यांतील बहुतेक ज्वेल नुसते शोभेसाठीं जडविलेले असत. पाठीवरच्या '३० मीटर' या शब्दांचाहि असाच घोटाळा होतो. तेवढ्या खोल पाण्यांत उतरावें असा त्याचा अर्थ नाहीं. हात धुतांना उडालेलें पाणी सोसेल, इतकाच आहे. पोहणाऱ्यानें १०० मीटरचें पाहावें. खरोखर उपयोगाच्या गोष्टी दोन, आणि जाहिरातींत त्या बारीक अक्षरांत असतात: बंद पडलेलें घड्याळ किल्लीनेंहि पिळतां येतें कीं नाहीं, आणि किल्ली ओढली असतां सेकंदाचा कांटा थांबतो कीं नाहीं. सैकोच्या जुन्या स्वस्त यंत्रांत या दोन्हीं सोयी नव्हत्या, नंतरच्या यंत्रांत आल्या.

जुनें एचएमटी घेणाऱ्यानें तर दुप्पट सावध असावें. कारखाना बंद झाल्यावर त्या घड्याळांची हौस वाढली, आणि बाजारांत नवी रंगविलेली तबकडी, एका घड्याळाचें यंत्र, दुसऱ्याचें कवच व तिसऱ्याचे कांटे अशी जुळवाजुळव 'न वापरलेलें' म्हणून खपूं लागली. तबकडीवरील अक्षरें जाड किंवा तिरकीं असतील, जुन्या म्हणविणाऱ्या घड्याळाचा रंग कालच्या दिवाळीसारखा टवटवीत असेल, तर पाठ उघडून दाखविण्याचा आग्रह धरावा. दाखवीत नसेल तर उठावें. घरच्या कपाटांतलें आजोबांचें काळवंडलेलें 'कंचन' त्याहून केव्हांहि मोलाचें. तें नुसतें धुऊन घ्यावें. तबकडी रंगवूं देऊं नये.

घेणाऱ्याच्या संवयीचा प्रश्न तर सर्वांत आधींचा. पूर्ण पीळ बसलेलें साधें ऑटोमॅटिक घड्याळ सुमारें ४० तास चालतें. शनिवारीं संध्याकाळीं सहा वाजतां काढून ठेविलें तर सोमवारीं सकाळीं दहाच्या सुमारास, नेमक्या कचेरीच्या वेळेला, तें थांबेल. रोज हातीं घालणाऱ्या, चालत्याफिरत्या माणसाचें तें घड्याळ आहे. सणावारीं कपाटांतून काढणाऱ्यास प्रत्येक वेळीं वार-तारीख लावीत बसावें लागेल. दिवसभर टेबलाशीं बसून असणाऱ्याच्या हालचालीनें कधीं कधीं पुरता पीळहि बसत नाहीं. त्यानें सकाळीं किल्लीचे पंधरा-वीस फेरे द्यावे. मात्र ते घेणारें यंत्र पाहिजे. शिवाय भ्रमणध्वनीच्या लोहचुंबकी आवरणाशेजारीं तें ठेवूं नये. चुंबकत्व शिरलें कीं चांगलें घड्याळहि दिवसाला मिनिटें पुढें पळूं लागतें, आणि लोक यंत्राला बोल लावतात.

घड्याळ घरीं आल्यावर त्याची परीक्षा आठ दिवसांची असावी. आकाशवाणीच्या ठोक्याला लावावें, रोज त्याच वेळीं पाहावें आणि चूक वहींत टिपावी. चूक किती, यापेक्षां ती रोज सारखी आहे कीं नाहीं हें पाहण्यांत खरी पारख आहे. दररोज न चुकतां एक पळ पुढें जाणारें घड्याळ, आज दहा सेकंद पुढें व उद्यां तीस सेकंद मागें असणाऱ्या घड्याळापेक्षां कितीतरी चांगलें. बेभरंवशाची चूक कोणाच्यानें सुधारत नाहीं. ठराविक चूक ज्ञात असते, आणि ज्ञात चुकीस संस्कार देतां येतो. मध्यरेषेपासून आपलें गांव जितकें पूर्वेस वा पश्चिमेस, तितका देशांतर-संस्कार ज्योतिषी गणितांत देत आले ते याच न्यायानें. घड्याळजी तोलचक्राजवळचा लहानसा कांटा केसभर सरकवून तोच संस्कार देतो. त्याच्याकडे जाण्यापूर्वीं घरींहि एक उपाय करून पाहण्याजोगा आहे. रात्रीं घड्याळ उताणें ठेवलें असतां त्याची गति एक असते आणि किल्ली वर किंवा खालीं करून कुशीवर ठेवलें असतां दुसरी. कोणत्या बाजूनें तें पुढें जातें व कोणत्या बाजूनें मागें, हें वहींतल्या आठ ओळींवरून समजतें. मग दिवसा चढलेलें पळ रात्रीं तें त्या कुशीवर निजवून पुष्कळदां परत घेतां येतें.